अनअटेंडेड विंडोज डिस्क अडते तेव्हा: बिघाड शोधायचा कसा

डिस्क घालायची, मशीन चालू करायचं आणि दुसऱ्या कामाला लागायचं. परत येईपर्यंत विंडोज, ड्रायव्हर, यूजर अकाउंट, नेहमीची सॉफ्टवेअर सगळं जागेवर हवं. अनअटेंडेड डिस्क बनवणाऱ्याची अपेक्षा एवढीच असते. पण येऊन पाहावं तर भाषा निवडायची खिडकी तशीच उभी असते, नाहीतर एक त्रोटक एरर आणि त्याखाली ओकेचं बटण. मग बहुतेक जण आन्सर फाइल, म्हणजे सेटअपच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून ठेवलेली फाइल, उघडतात, अंदाजाने एखादी ओळ बदलतात, पुन्हा आयएसओ (अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली प्रत) बनवतात, पुन्हा बूट करतात. दिवस असाच निघून जातो.

माझं मत यात ठाम आहे. इन्स्टॉल नेमकं कोणत्या टप्प्यावर थांबलं हे कळेपर्यंत आन्सर फाइलला हात लावू नये. टप्पा कळला की शंभर शक्यतांच्या चार-पाच उरतात, आणि त्या तपासायला फार वेळ लागत नाही. खालचं सगळं याच क्रमाने लिहिलं आहे. ते २००७ मध्ये आलेल्या व्हिस्टापासून विंडोज ७, १० आणि ११ पर्यंत लागू आहे, कारण व्हिस्टापासून सेटअपची मूळ रचना तीच राहिली आहे. एक्सपीची गोष्ट वेगळी, तिच्याबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

आधी टप्पा ओळखा

तुमच्या डिस्कवर खरं तर पाच वेगवेगळ्या गोष्टी असतात. पहिली, बूट होऊ शकणारी आयएसओची रचना. दुसरी, बूट.विम, म्हणजे सेटअप ज्यावर चालतो ते छोटं विंडोज पीई. तिसरी, इन्स्टॉल.विम, म्हणजे प्रत्यक्ष कॉपी होणारं विंडोज. चौथी आन्सर फाइल, आणि पाचवी तुम्ही घातलेल्या स्क्रिप्ट व ड्रायव्हर. बिघाड बहुधा यातल्या एकातच असतो. पण स्क्रीनवर दिसणारा एरर त्याचंच नाव घेईल याची खात्री नसते.

आन्सर फाइलमध्ये एकूण सात पास, म्हणजे टप्पे, असतात: विंडोज पीई, ऑफलाइन सर्व्हिसिंग, जनरलाइझ, स्पेशलाइझ, ऑडिट सिस्टम, ऑडिट यूजर आणि ओओबीई सिस्टम. साध्या डिस्कवरून इन्स्टॉल करताना महत्त्वाचे तीनच, विंडोज पीई, स्पेशलाइझ आणि ओओबीई सिस्टम. डिस्कवरून बूट झाल्यापासून फाइली कॉपी होऊन पहिला रीस्टार्ट येईपर्यंत विंडोज पीई पास. त्यानंतर हार्ड डिस्कवरून बूट होऊन डिव्हाइस ओळखण्याचं काम चालतं, तो स्पेशलाइझ. शेवटी स्वागताचे पडदे, अकाउंट आणि पहिलं लॉगिन, तो ओओबीई सिस्टम.

आता लक्षण पाहा. काळ्या पडद्यापुढे काहीच जात नसेल तर दोष आयएसओच्या रचनेत किंवा फर्मवेअरच्या, म्हणजे मशीन चालू होताच चालणाऱ्या बायोस किंवा यूईएफआयच्या, सेटिंगमध्ये आहे, आन्सर फाइलचा अजून संबंधच आलेला नाही. भाषेची खिडकी आली तर फाइल सापडलेली नाही, किंवा सापडली पण भाषा जुळली नाही. डिस्क निवडायच्या पडद्यावर थांबलं तर ड्रायव्हर किंवा पार्टिशन. कॉपी अर्धवट सोडून एरर आला तर इमेज किंवा माध्यम. पहिल्या रीस्टार्टनंतर अडलं तर स्पेशलाइझ. अकाउंट विचारलं तर ओओबीई. आणि डेस्कटॉप आला पण सॉफ्टवेअर नाहीत, तर स्क्रिप्ट.

मूळ डिस्क आणि आपली फाइल वेगळी करा

बिघाड फाइलमध्ये आहे की डिस्कमध्ये, हे ठरवायची एक सोपी चाचणी आहे आणि ती मी सगळ्यात आधी करतो. हात न लावलेली मूळ आयएसओ घ्या. तिला तशीच व्हर्च्युअल मशीनला जोडा. दुसऱ्या व्हर्च्युअल डीव्हीडी ड्राइव्हला एक छोटी आयएसओ जोडा, जिच्यात फक्त ऑटोअनअटेंड.एक्सएमएल ही एकच फाइल, म्हणजे तुमची आन्सर फाइल, रूटमध्ये (कोणत्याही फोल्डरच्या बाहेर) आहे. खऱ्या मशीनवर हेच काम रूटमध्ये ती फाइल ठेवलेल्या पेनड्राइव्हने होतं.

या जोडीने इन्स्टॉल नीट झालं तर तुमची फाइल बरोबर आहे. दोष तुम्ही बदललेल्या विममध्ये किंवा आयएसओ बनवण्यात आहे. तिथेच अडलं तर दोष फाइलचा, आणि आता ती दुरुस्त करून पाहायला दर वेळी चार-पाच जीबीची आयएसओ बनवत बसायची गरज नाही. फाइल बदलायची, छोटी आयएसओ पुन्हा बनवायची आणि मशीन पुन्हा बूट करायचं.

याच पद्धतीमागचं एक तथ्य कायम लक्षात ठेवा. सेटअप आन्सर फाइल ठरलेल्या क्रमाने शोधतो आणि आधी सापडेल ती वापरतो. रजिस्ट्रीत नोंदवलेला पत्ता, मग विंडोज फोल्डरातल्या पँथर या उपफोल्डरातली जागा, मग लिहिता येणारी काढघालीची माध्यमं म्हणजे पेनड्राइव्ह, त्यानंतर फक्त वाचता येणारी म्हणजे डीव्हीडी, आणि मग सोर्सेस फोल्डर. त्यामुळे मशीनला मागच्या कामाचा पेनड्राइव्ह लागलेला राहिला आणि त्यावर जुनी ऑटोअनअटेंड.एक्सएमएल असेल, तर डीव्हीडीवरची नवी फाइल बाजूलाच राहते. सगळं बरोबर असून जुनीच सेटिंग लागत असतील तर आधी यूएसबीचे सगळे पोर्ट मोकळे करा. सिसप्रेप (तयार विंडोज दुसऱ्या मशीनवर बसवण्याजोगं करणारं टूल) चालवून पकडलेली इमेज वापरत असाल तर तिच्यातल्या पँथर फोल्डरमध्ये जुनी अनअटेंड.एक्सएमएल पडून आहे का तेही पाहा. क्रमात ती डिस्कवरच्या फाइलच्या वर येते.

लॉग वाचायची सवय

सेटअप चालू असताना शिफ्ट आणि एफ१० एकत्र दाबा, कमांड प्रॉम्प्ट उघडतो. काही लॅपटॉपवर एफएन बटणही सोबत दाबावं लागतं. तिथे नोटपॅड असं टाइप केलं की नोटपॅडही उघडतं, आणि त्याच्या फाइल उघडायच्या खिडकीतून सगळे ड्राइव्ह पाहता येतात.

वाचायच्या फाइली मुख्यतः दोन. सेटअपअ‍ॅक्ट.लॉगमध्ये घडलेलं सगळं असतं, सेटअपएरर.लॉगमध्ये फक्त चुका. त्यांची जागा टप्प्यानुसार बदलते आणि इथेच लोक गोंधळतात. हार्ड डिस्क तयार होण्याआधी त्या एक्स ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरात, पँथरमध्ये असतात. एक्स ड्राइव्ह म्हणजे मेमरीत तयार केलेली डिस्क. रीस्टार्ट केलं की ती जाते आणि तिच्यासोबत लॉगही. म्हणून या टप्प्यावर अडलं की रीस्टार्टचं बटण दाबण्याआधी दोन्ही फाइली पेनड्राइव्हवर कॉपी करा. डिस्कपार्ट या डिस्क हाताळणाऱ्या कमांडमध्ये लिस्ट व्हॉल्यूम दिलं की पेनड्राइव्हला कोणतं अक्षर मिळालं ते कळतं. कॉपी सुरू झाल्यानंतर लॉग सी ड्राइव्हवरच्या $विंडोज.~बीटी या लपवलेल्या फोल्डरात सोर्सेसखालच्या पँथरमध्ये जातात, आणि पुढे सी ड्राइव्हवरच्या विंडोजमधल्या पँथरमध्ये. स्पेशलाइझ आणि ओओबीईचे तपशील त्याच पँथरमधल्या अनअटेंडजीसी या उपफोल्डरात मिळतात. ड्रायव्हरसाठी विंडोजमधल्या आयएनएफ फोल्डरातली सेटअपएपीआय.डेव्ह.लॉग पाहायची.

लॉग प्रचंड मोठा असतो, वरपासून वाचायचा नाही. शेवटाकडून वर या आणि पहिला एरर शब्द गाठा. मग त्याच्या वरच्या दहा-पंधरा ओळी नीट वाचा. खरी गोष्ट बहुधा तिथे असते, कारण शेवटचा एरर म्हणजे आधीच्या चुकीचा परिणाम असतो. आन्सर फाइल सापडली की नाही हे पाहायला अनअटेंडसर्च हा शब्द शोधा. फाइल सापडली असेल तर तिथे 'फाउंड यूजेबल अनअटेंड फाइल फॉर पास' असं लिहिलेलं असतं, पुढे कंसात पासचं नाव आणि मग फाइलचा पूर्ण पत्ता. तो पत्ता दोनदा वाचा. डीव्हीडीचा पत्ता अपेक्षित असताना पेनड्राइव्हचा दिसला तर शोध तिथेच संपला.

फाइल सापडतच नाही

नाव तपासा. विंडोज पीई पाससाठी काढघालीच्या माध्यमावर ऑटोअनअटेंड.एक्सएमएल हेच नाव लागतं, नुसतं अनअटेंड.एक्सएमएल असेल तर सेटअप तिच्याकडे पाहतही नाही. फाइल एक्सप्लोररमध्ये एक्स्टेन्शन दाखवणं बंद असेल तर नोटपॅडने तिला शेवटी .टीएक्सटी जोडलेलं असतं आणि ते दिसत नाही. एक्स्टेन्शन दाखवायचा पर्याय आधी चालू करा आणि मगच पुढे जा.

मग आर्किटेक्चर. प्रत्येक कंपोनंटच्या ओळीत प्रोसेसर आर्किटेक्चर लिहिलेलं असतं. ६४ बिट विंडोजसाठी तिथे एएमडी६४ लागतं, प्रोसेसर इंटेलचा असला तरी. ३२ बिटसाठी एक्स८६. जुन्या फाइलमधून तुकडे उचलून नवी बनवली की एखादा कंपोनंट एक्स८६ राहून जातो आणि सेटअप तो काही न बोलता सोडून देतो. एरर येत नाही, फक्त ती सेटिंग लागत नाहीत. अशा वेळी माणूस सेटिंगच्या किमती तपासत बसतो आणि दोष मात्र वरच्या ओळीत असतो.

फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा. पहिल्या ओळीच्या आधी रिकामी ओळ किंवा स्पेस नको. कमांडमध्ये अँपरसँडचं चिन्ह आलं असेल तर ते तसंच लिहून चालत नाही, एक्सएमएलच्या पद्धतीने अँपरसँड, एएमपी आणि अर्धविराम असं लिहावं लागतं. लहान-मोठ्याच्या चिन्हांचंही तसंच. यादीतल्या प्रत्येक नोंदीला, म्हणजे पार्टिशन, कमांड, अकाउंट यांना, अ‍ॅक्शन अ‍ॅड हे गुणधर्म लावा आणि त्याआधीचा डब्ल्यूसीएम हा नेमस्पेस फाइलमध्ये जाहीर केलेला आहे ना ते पाहा. फाइल ब्राउझरमध्ये उघडली तर एक्सएमएलची मोडतोड लगेच दिसते. पण ब्राउझर फक्त रचना तपासतो. सेटिंगची नावं बरोबर आहेत का, योग्य पासमध्ये आहेत का, हे पाहायला मायक्रोसॉफ्टच्या एडीके संचातलं विंडोज सिस्टम इमेज मॅनेजर वापरा. त्याला तुमचीच इन्स्टॉल.विम दाखवा आणि व्हॅलिडेट करा. हे टूल वापरायला थोडं जड आहे, तरी ही पायरी टाळू नका.

फाइल सापडूनही भाषेची खिडकी येत असेल तर कारण बहुधा एकच असतं: फाइलमध्ये अमेरिकन इंग्रजी आणि आयएसओ आंतरराष्ट्रीय इंग्रजीची, किंवा उलट. विंडोज पीई पासमधली यूआय भाषा डिस्कवर असलेल्या भाषेशी अक्षरशः जुळली पाहिजे. डिस्कवर कोणती भाषा आहे ते सोर्सेसमधल्या लँग.आयएनआय फाइलमध्ये लिहिलेलं असतं.

डिस्क बूटच होत नाही

आयएसओ साध्या बर्निंग सॉफ्टवेअरमध्ये फाइली ओढून टाकून बनवू नका. एडीकेमधलं ऑससीडीइमेज वापरा आणि त्याला दोन बूट फाइली द्या: जुन्या बायोससाठी बूट फोल्डरातली ईटीएफएसबूट.कॉम आणि यूईएफआयसाठी ईएफआयएसवायएस.बिन. एकच दिली तर डिस्क एका प्रकारच्या मशीनवर चालते आणि दुसऱ्यावर नाही. फाइल सिस्टम यूडीएफ ठेवा, कारण इन्स्टॉल.विम ४ जीबीच्या वर गेलेली असते.

पेनड्राइव्हचा मामला निराळा. यूईएफआय फर्मवेअर सहसा फॅट३२ वरून बूट होतं आणि फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल राहत नाही. त्यासाठी डिझम या विंडोजच्या इमेज हाताळणाऱ्या कमांडच्या स्प्लिट-इमेज पर्यायाने विमचे ३८०० एमबीचे तुकडे करा, पहिल्याचं नाव इन्स्टॉल.एसडब्ल्यूएम ठेवा आणि मूळ विम पेनड्राइव्हवरून काढा. सेटअप तुकडे स्वतः जोडून घेतो. डीव्हीडीवर लिहीत असाल तर एका थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात हे मोजताना ध्यानात असू द्या. विंडोज तोच आकडा ४.३८ दाखवतं.

डिस्कवरून बूट होताना कोणतंही बटण दाबा असा संदेश येतो. कोणी समोर नसेल तर तो निघून जातो आणि इन्स्टॉल सुरूच होत नाही. तो घालवायला यूईएफआयसाठी ईएफआयएसवायएस_नोप्रॉम्प्ट.बिन वापरतात, बायोससाठी बूट फोल्डरातली बूटफिक्स.बिन काढतात. पण हे करण्याआधी थांबा. तो संदेश गेला की पहिल्या रीस्टार्टनंतर मशीन पुन्हा डिस्कवरूनच बूट होऊ शकतं, आणि फाइलमध्ये हार्ड डिस्क पुसायचा आदेश असेल तर इन्स्टॉलचं चक्र संपतच नाही. बूटच्या क्रमात हार्ड डिस्क पहिली ठेवली तर कोऱ्या डिस्कवर बूट फसून मशीन आपोआप डीव्हीडीकडे वळतं, आणि इन्स्टॉल झाल्यावर हार्ड डिस्कवरूनच सुरू होतं. हा मार्ग मला जास्त सुरक्षित वाटतो.

हार्ड डिस्क आणि पार्टिशन

इथे चूक झाली तर नुसता वेळ जात नाही, कोणाचा तरी डेटा जातो. फाइलमध्ये डिस्क आयडी शून्य आणि विल वाइप डिस्क ट्रू लिहिलं, की जी डिस्क सेटअपला शून्य वाटते ती पुसली जाते, काहीही न विचारता. दोन डिस्क असलेल्या मशीनवर शून्य क्रमांक डेटाच्या डिस्कला मिळू शकतो. म्हणून प्रत्येक नव्या प्रकारच्या मशीनवर पहिल्यांदा शिफ्ट आणि एफ१० दाबून डिस्कपार्टमध्ये लिस्ट डिस्क पाहा. मशीनं वेगवेगळी असतील तर डिस्क निवडायचा भाग फाइलमधून काढूनच टाका. तेवढा एक प्रश्न सेटअपला विचारू द्या, बाकी सगळं आपोआप होऊ द्या.

दुसरी नेहमीची अडचण म्हणजे एमबीआर आणि जीपीटी या डिस्कवरच्या पार्टिशनच्या दोन मांडण्यांची. यूईएफआय पद्धतीने बूट झालं असेल तर डिस्क जीपीटी हवी, बायोस पद्धतीने झालं असेल तर एमबीआर. फाइलमधली मांडणी एका पद्धतीची आणि बूट दुसऱ्या पद्धतीने, असं झालं की या डिस्कवर विंडोज इन्स्टॉल होऊ शकत नाही असा एरर येतो. मशीन कोणत्या पद्धतीने बूट झालं हे सेटअपअ‍ॅक्ट.लॉगमध्ये 'डिटेक्टेड बूट एन्व्हायर्नमेंट' शोधलं की कळतं.

जीपीटीची साधी मांडणी अशी: पहिलं ईएफआय पार्टिशन फॅट३२, ४ के सेक्टरच्या डिस्कवर ते किमान २६० एमबी लागतं, म्हणून मी २६० च ठेवतो. दुसरं एमएसआर (विंडोजने स्वतःसाठी राखलेलं), १६ एमबी, ते फॉरमॅट करायचं नसतं. तिसरं विंडोजचं. म्हणजे इन्स्टॉल टू या भागात पार्टिशन आयडी ३ हवा. जुन्या बायोसच्या फाइलमध्ये तिथे २ असतो. फाइल बदलताना वरची मांडणी बदलली जाते आणि खालचा २ तसाच राहतो, मग सेटअप एमएसआरमध्ये विंडोज बसवायला बघतो आणि अडतो. आणखी एक: ज्या पार्टिशनला एक्स्टेंड ट्रू दिलं त्याला साइझ द्यायचा नाही. दोन्ही एकत्र चालत नाहीत.

डिस्कच दिसत नसेल तर आन्सर फाइल निर्दोष आहे, कमी आहे तो ड्रायव्हर. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपवर व्हीएमडी (डिस्क हाताळायची इंटेलची सोय) चालू असतं आणि त्याचा ड्रायव्हर नसेल तर सेटअपला एनव्हीएमई डिस्क दिसतच नाही. ड्रायव्हर खरंच तोच का हे आधी तपासा: कमांड प्रॉम्प्टमध्ये डीआरव्हीलोड ही कमांड आणि पुढे पेनड्राइव्हवरच्या .आयएनएफ फाइलचा पत्ता. डिस्कपार्टमध्ये डिस्क दिसू लागली की तोच ड्रायव्हर डिस्कमध्ये घाला. बूट.विममध्ये दोन इमेज असतात आणि सेटअप दुसरीतून चालतो. ड्रायव्हर फक्त पहिलीत घातला तर उपयोग होत नाही. आणि इन्स्टॉल.विममध्येही तो घालायला विसरू नका, नाहीतर कॉपी नीट होते आणि पहिल्या रीस्टार्टला निळा पडदा येतो. विमला हात लावायचा नसेल तर माध्यमाच्या रूटमध्ये $विनपीईड्रायव्हर$ नावाचं फोल्डर करून त्यात ड्रायव्हर ठेवा, सेटअप ते स्वतः वाचतो.

इमेज, आवृत्ती आणि की

लायसन्सच्या अटी सापडत नाहीत, असा एरर आला की लोक लायसन्सची फाइल शोधू लागतात. त्या फाइलचा याच्याशी बहुधा काही संबंध नसतो. सेटअपला कोणती आवृत्ती बसवायची ते ठरवता आलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. प्रॉडक्ट की एका आवृत्तीची आणि निवडलेली इमेज दुसऱ्या आवृत्तीची, हे मुख्य कारण. व्हर्च्युअल मशीनला मेमरी तोकडी दिली तरी हाच एरर येतो, तेव्हा आधी मेमरी वाढवून पाहा.

इमेज क्रमांकाने निवडत असाल तर डिझमच्या गेट-इमेज-इन्फो पर्यायाने आजचे क्रमांक पाहून घ्या. नको असलेल्या आवृत्त्या काढून एक्स्पोर्ट केलं की क्रमांक बदलतात, पूर्वी ६ असलेली प्रो आता १ होते. नावाने निवडणं म्हणून बरं. ब्रँडेड लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये आधीच की साठवलेली असते आणि फाइलमध्ये की दिली नसेल तर सेटअप ती उचलतो. प्रो हवी असताना न विचारता होम बसली तर याचा अर्थ हाच. फाइलमध्ये प्रोची की लिहिली की सुटतं. आवृत्ती निवडण्यापुरत्या मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेल्या सर्वसाधारण की इथे चालतात, त्यांनी अ‍ॅक्टिव्हेशन मात्र होत नाही.

कॉपी करताना ०एक्स८००७००१७ आला तर माध्यम वाचताना चूक आहे: डीव्हीडी खराब, ड्राइव्ह थकलेला किंवा बर्न घाईने केलेलं. ०एक्स८००७०५७० आला तर फाइल बिघडलेली आहे. दोन्हीत मूळ आयएसओचा एसएचए२५६ हॅश सर्टयूटिल कमांडने काढून मायक्रोसॉफ्टच्या आकड्याशी पडताळा. हॅश जुळला आणि तरी एरर येतो, तर रॅम तपासा. खराब रॅमही अगदी याच रूपात समोर येते.

डाउनलोड केलेल्या आयएसओत विमऐवजी इन्स्टॉल.ईएसडी (जास्त दाबलेली इमेज) असेल तर ती थेट माउंट करून बदलता येत नाही. डिझमच्या एक्स्पोर्ट-इमेजने हवी ती आवृत्ती विममध्ये काढा आणि मग काम करा. विम अनमाउंट होताना अडलं तर ते फोल्डर कुठे उघडं आहे का पाहा, फाइल एक्सप्लोररची विसरलेली खिडकी पुरते. अर्धवट राहिलेलं माउंट क्लीनअप-माउंटपॉइंट्सने साफ होतं.

विंडोज ११ च्या चाचणीत व्हर्च्युअल मशीनला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट दिलेलं नसेल, किंवा ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी डिस्क नसेल, तर सेटअप थांबतो. दोष फाइलवर ढकलण्याआधी मशीनची सेटिंग पाहा.

स्पेशलाइझमध्ये अडलं

आन्सर फाइल वाचता किंवा राबवता आली नाही आणि पुढे कंसात स्पेशलाइझ, असा संदेश आला तर तीन गोष्टी क्रमाने पाहा. कॉम्प्युटरचं नाव १५ अक्षरांपेक्षा मोठं आहे का, त्यात स्पेस किंवा चालत नसलेलं चिन्ह आहे का? शंका असेल तर नावाच्या जागी फक्त तारांकन लिहा, विंडोज स्वतः नाव बनवतं. त्यानं पुढे सरकलं तर दोष नावातच होता. मग या पासमध्ये दिलेली की. आणि मग टाइम झोनचं नाव, जे टीझेडयूटिलच्या यादीत आहे तसंच अक्षर न अक्षर हवं.

याच टप्प्यावर कॉम्प्युटर अनपेक्षितपणे रीस्टार्ट झाला असं सांगणारी खिडकी येते आणि ओके दाबलं की तीच पुन्हा येते. रजिस्ट्रीत एच-के-एल-एम, सिस्टम, सेटअप, स्टेटस, चाइल्ड कंप्लीशन इथल्या सेटअप.ईएक्सईची किंमत १ वरून ३ केली की पुढे जाता येतं, हा उपाय सर्वत्र सांगितला जातो. एकाच मशीनची गरज भागवायला तो ठीक. पण तुम्ही डिस्क दुरुस्त करताय. कारण तसंच राहिलं तर पुढच्या प्रत्येक मशीनवर हीच खिडकी येईल. अनअटेंडजीसीमधला लॉग वाचल्याशिवाय ही युक्ती वापरू नका.

एवढ्याने कळलं नाही तर स्पेशलाइझमधले सगळे कंपोनंट काढा आणि निम्मे निम्मे परत घालत जा. दर चाचणीला निम्मे बाद होतात, म्हणून कितीही मोठी फाइल असली तरी दोषी कंपोनंट लवकर हाती लागतो.

पहिलं लॉगिन आणि स्क्रिप्ट

डेस्कटॉप आला पण स्क्रिप्ट चाललीच नाही, तर ती कुठे ठेवली होती यावर उत्तर अवलंबून आहे. सोर्सेसमधल्या $ओईएम$ फोल्डरात $$ म्हणजे विंडोज फोल्डर आणि $१ म्हणजे सिस्टम ड्राइव्ह. सेटअपकम्प्लीट.सीएमडी ही फाइल $$ मधल्या सेटअप, त्यातल्या स्क्रिप्ट्स फोल्डरात लागते. ती लॉगिनच्या आधी सिस्टम अकाउंटखाली चालते, त्यामुळे यूजरच्या डेस्कटॉपवर शॉर्टकट ठेवायला ती कामाची नाही. तिच्यात मध्येच रीस्टार्ट केलं तर पुढच्या ओळी पुन्हा सुरू होत नाहीत. आणि ओईएम की वापरली असेल तर विंडोज ती चालवतच नाही, एंटरप्राइज आणि सर्व्हर सोडून. फर्मवेअरमधली की उचलली गेलेल्या लॅपटॉपवर स्क्रिप्ट गायब होते ती बहुधा यामुळे. व्हर्च्युअल मशीनमध्ये ती हमखास चालते, म्हणून हा दोष चाचणीत सापडत नाही. सेटअप तिचा निकालही तपासत नाही. प्रत्येक कमांडचं आउटपुट स्वतः एका फाइलमध्ये लिहून ठेवा.

फर्स्ट लॉगऑन कमांड्स कोणी लॉगिन केल्यावरच चालतात. ऑटो लॉगऑन दिलेलं नसेल तर त्या वाट पाहत बसतात. या कमांड थेट सुरू होतात, मध्ये शेल नसतो. म्हणून आउटपुट फाइलकडे वळवायचं चिन्ह किंवा दोन कमांड जोडणारे अँपरसँड हवे असतील तर सुरुवातीला सीएमडी आणि स्लॅश सी लावा. अक्षरं फिरवून ड्राइव्ह शोधणारा फॉर लूप लिहीत असाल तर .सीएमडी फाइलमध्ये टक्क्याची दोन चिन्हं लागतात, आन्सर फाइलमधल्या ओळीत मात्र एकच. खरं तर डीव्हीडीचं अक्षर गृहीतच धरू नका. लागणाऱ्या सगळ्या फाइली $१ मधून सी ड्राइव्हवर येऊ द्या आणि तिथूनच चालवा.

विंडोजचे भाग कापून हलकी केलेली इमेज वापरत असाल तर एक विनंती. भाग काढल्याचा त्रास इन्स्टॉल करताना बहुधा होत नाही, महिन्यांनी एखादं अपडेट बसत नाही तेव्हा होतो, आणि तेव्हा मशीन वापरणाऱ्याला कारण कळायचा मार्ग नसतो. दुसऱ्यांच्या मशीनसाठी डिस्क बनवताना भाग कापू नका. नको ती अ‍ॅप नंतर स्क्रिप्टने काढता येतात.

एक्सपीच्या जुन्या डिस्क

जुन्या यंत्रांसाठी एक्सपीची डिस्क अजून लागते. तिथे आन्सर फाइल म्हणजे आय३८६ फोल्डरातली विन्एनटी.एसआयएफ, एक्सएमएल नाही. $ओईएम$ फोल्डर डिस्कच्या रूटमध्ये, आय३८६ च्या शेजारी असतं, आणि फाइलमध्ये ओईएम प्रीइन्स्टॉल येस असल्याशिवाय ते वाचलंच जात नाही. निळ्या पडद्यावर ७बी दिसला तर एएचसीआयचा (सॅटा डिस्कशी बोलायच्या पद्धतीचा) ड्रायव्हर नाही: बायोसमध्ये आयडीई निवडा किंवा टेक्स्ट मोडचा ड्रायव्हर डिस्कमध्ये मिसळा. आयएसओ बनवताना बूट सेक्टर नो एम्युलेशन पद्धतीचा हवा आणि लोड करायचे सेक्टर ४.

डिस्क दुसऱ्याच्या हाती देण्याआधी

बायोस आणि यूईएफआय, दोन्ही प्रकारच्या व्हर्च्युअल मशीनवर कोऱ्या डिस्कपासून पूर्ण चाचणी घ्या. त्यानंतर ज्या प्रकारच्या मशीनवर वापरायची त्यातल्या एका खऱ्या मशीनवर घ्या. प्रत्येक चालणाऱ्या आयएसओच्या लेबलमध्ये तारीख घाला आणि आधीची चालणारी आयएसओ जपून ठेवा, म्हणजे नवी अडली तर दोन्हींच्या फाइली शेजारी शेजारी ठेवून फरक पाहता येतो.

आन्सर फाइलमधला पासवर्ड गोंधळलेल्या अक्षरांत दिसला तरी तो लपलेला नसतो. ते फक्त बेस६४ असतं, कोणीही क्षणात उलगडतो. इन्स्टॉल झाल्यावर पँथरमधल्या प्रतीतून विंडोज पासवर्ड खोडतं, पण डिस्कवरची फाइल तशीच राहते, आणि $१ मधून सी ड्राइव्हवर आलेल्या स्क्रिप्टही. म्हणून फाइलमध्ये तात्पुरता पासवर्ड द्या, शेवटच्या कमांडने तो पहिल्या लॉगिनला बदलायला लावा, ऑटो लॉगऑनची मोजणी १ ठेवा आणि स्क्रिप्टचं फोल्डर त्याच कमांडमधून पुसा.